शेवटच्या रांगेतून ऐकलेले सेमिनार

(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आवरून घेतला आहे.)



सत्काराच्या कार्यक्रमात भाषण लांबलं की मागून प्रसादाचा वास यायला लागतो आणि मग वक्त्याचं कोणी ऐकत नाही. ते ध्यानात ठेवूनच बोलतो. यंदा आपल्या मंडळातली एक मुलगी वन्यजीव-विज्ञानाच्या एम.एस्सी.ला निघाली आहे. तिचं पेढ्यांचं ताट फिरत असताना दोन-तीन काकूंनी विचारलं, ‘वाघ बघायला एम.एस्सी. कशाला? कान्हाला जीप मिळते की.’ तेव्हा सेक्रेटरी साहेबांनी आम्हाला धरलं आणि म्हणाले, तुम्ही जंगल खात्यातले, ही मुलं तिथे नेमकं काय करतात ते सांगा.

आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. पॉलिटेक्निकची पदविका घेतली आणि राज्य शासनाच्या वन विभागात नकाशांच्या कामाला लागलो. पण विद्यापीठातली नाहीतर संस्थांमधली मुलं आमच्या जंगलात काम करायला आली की पहिल्यांदा नकाशा मागायला आमच्याकडे येतात. काम संपलं की त्यांचं सादरीकरण असतं, त्यालाही आम्हाला बोलावतात. प्रोजेक्टर लावायला म्हणून बोलावतात हे खरं, पण लावल्यावर उठून कोण जातो? शेवटच्या रांगेत बसून आम्ही असे पुष्कळ सेमिनार ऐकले.

आधी थोडी माहिती. डेहराडूनला, चंद्रबनीत, भारतीय वन्यजीव संस्थान आहे. १९८२ साली ते सुरू झालं. तिथला वन्यजीव-विज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम १९८८ पासून चालतो. संस्था उत्तरेत, पण पदवी पुष्कळ वर्षं राजकोटच्या सौराष्ट्र विद्यापीठाची असायची, ही गंमत आम्हाला फार दिवसांनी कळली. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही २००४ पासून असा अभ्यासक्रम आहे. शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक विषय घेऊन काही महिने जंगलात नाहीतर जंगलाच्या कडेला राहावं लागतं. परत आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ते सगळं उभं राहून सांगायचं, आणि नंतर प्रश्न झेलायचे. हा सेमिनार. काही महिन्यांच्या चिखल-धुळीचं, गोचिडांचं आणि अर्ध्या कच्च्या पोळ्यांचं सगळं सार त्या पंधरा मिनिटांत असतं.

या सेमिनारला एवढं महत्त्व का, ते समजायला वाघ मोजण्याची गोष्ट सांगायला हवी. आम्ही नोकरीत आलो तेव्हा वाघ पावलांवरून मोजत. नाकेदार, म्हणजे आमच्याकडचा वनरक्षक, पायवाटेवर ठसा दिसला की त्यावर काच ठेवून रेषा उमटवायचा, मग ट्रेसिंग कागदावर उतरवायचा, प्लास्टर ओतून साचा काढायचा. आमच्या कपाटांमध्ये असे साचे भरलेले होते. ठसा बघून हा अमुक वाघ, हा तमुक, असं ठरायचं. नाकेदारांची नजर पक्की होती, त्याबद्दल आम्ही वाईट बोलणार नाही. पण माती ओली की कोरडी, वाघ चालत होता की पळत, यावर ठसा बदलतो, आणि दोन माणसं एकाच ठशाला दोन वाघ म्हणू शकतात. २००४-०५ साली राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर देशाने पद्धत बदलली. आपल्याच राज्यात पन्नाचे वाघ २००९ पर्यंत संपले आणि बांधवगड, कान्हा, पेंचहून वाघ आणून तिथे नव्याने संसार मांडावा लागला. त्यातला पेंचचा नर वाघ नोव्हेंबर २००९ मध्ये आणला, तर पठ्ठ्या आपल्या जुन्या घराच्या दिशेने परत निघाला. आमची माणसं आणि हत्ती महिनाभर त्याच्या मागे. शेवटी परत आणला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पन्नात बछडे जन्मले. ही गोष्ट आम्ही दर वर्षी कोणाला ना कोणाला सांगतोच, आज तुम्ही सापडलात.

आता आकड्यांकडे येऊ. २०१८ च्या देशभरातल्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो निघतो, तसले. जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यात वाघाचे ७६,६५१. पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. ते जुळवून वेगवेगळे वाघ निघाले २,४६१. पण जाहीर झालेला आकडा होता २,९६७. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी आम्हाला फाटकात अडवलं होतं. ‘अहो, फोटोत २,४६१, मग वरचे ५०६ आले कुठून? बँकेत असा हिशेब दिला असता तर घरी पाठवलं असतं!’

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर आम्ही त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरात दिलं. डब्यात चणे आहेत, किती ते माहीत नाही. मूठभर काढले, मोजले, ५० निघाले. प्रत्येकाला हळदीचा ठिपका लावला आणि परत डब्यात टाकून नीट हलवले. पुन्हा एक मूठ काढली. त्यात ४० चणे, पैकी ठिपक्याचे १०. म्हणजे दुसऱ्या मुठीत चौथा हिस्सा ठिपक्याचा. मग डब्यातलाही साधारण चौथा हिस्सा ठिपक्याचा असणार. ठिपके आपण ५० ला लावले होते, तेव्हा डब्यात २०० च्या आसपास चणे. सगळे न मोजता अंदाज निघाला, आणि तो किती इकडे-तिकडे होऊ शकतो तेही गणिताने काढता येतं. वाघाच्या बाबतीत हळद लावायची गरज नाही, पट्टे देवाने दिलेलेच आहेत. पहिल्या फोटोत आला तो ठिपक्याचा चणा. काकांना पटलं. काकूंना मात्र हळद लागलेले चणे निवडत बसावं लागलं.

याच हिशेबाने २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ आणि आपल्या मध्य प्रदेशात ७८५ वाघ धरले गेले. २००६ साली देशाचा आकडा १,४११ होता.

हे एवढ्यासाठी सांगितलं की सेमिनारमध्ये मुलगा-मुलगी उभी राहते तेव्हा परीक्षकांचे पहिले प्रश्न याच धर्तीचे असतात. किती ठिकाणी पाहिलंत? किती वेळा पाहिलंत? आणि दिसलं नाही, म्हणजे नव्हतं कशावरून? शेवटच्या प्रश्नावर भल्याभल्यांची बोबडी वळलेली आम्ही पाहिली आहे. समजा, बिबट्या असलेल्या ठिकाणी एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता निम्मी आहे. तीन फेऱ्या मारल्या तरी एकदाही न सापडण्याची शक्यता आठात एक उरते. म्हणजे बिबट्या खरोखर असलेल्या ८० जागांपैकी १० जागा तुमच्या वहीत रिकाम्या लिहिल्या जातील. जो विद्यार्थी हे आधीच हिशेबात धरतो आणि स्वतःहून सांगतो, त्याला परीक्षक पुढे फारसं छळत नाहीत.

एक सेमिनार आम्हाला तपशिलासह आठवतो. एका मुलीने इंदूरच्या दक्षिणेला, घाट उतरतो त्या बाजूच्या गावांभोवती बिबट्याच्या वावरावर काम केलं होतं. हुशार मुलगी. स्लाइड स्वच्छ, आवाज खणखणीत. शेवटी तिने नकाशा दाखवला. काही चौकोन गडद, तिथे वावर जास्त. काही फिके, तिथे वावर नाहीच्या बरोबर. नकाशाचा पाया आमच्याच टेबलावर तयार झालेला, म्हणून आम्हीही जरा मान ताठ करून बसलो होतो. समोर प्राध्यापक, दोन साहेब, आणि मागे आमच्या बाजूला रेंजचे चार-पाच जण, त्यात तिच्याबरोबर फिरलेला एक चौकीदार. प्राध्यापकांचे प्रश्न झाले. मग सूत्रसंचालकांनी सवयीने विचारलं, आणखी कोणी? चौकीदाराने हात वर केला. हॉलमध्ये जरा चुळबूळ झाली. तो उभा राहून म्हणाला, ‘मॅडमजी, आपने कॅमेरा ठंड में लगाए थे। गर्मी में उधर पानी रहता नहीं, तो वो ऊपर वाले नाले पे आ जाता है। जो आपने सफेद रखा है, उधर ही।’

हॉल शांत झाला. तिथे नुसत्या मार्कांचा प्रश्न नव्हता. ते फिके चौकोन म्हणजे वरच्या अंगाची तीन गावं. ‘तिथे बिबट्या नाही’ असं एकदा कागदावर आलं की रात्रीची गस्त दुसरीकडे जाते. उद्या तिथल्या कोणाची शेळी नेली आणि तो भरपाईचा अर्ज घेऊन आला, तर कोणीतरी हाच नकाशा त्याच्यापुढे धरणार. त्याहून वाईट म्हणजे, तिथल्या बाया उन्हाळ्यात पहाटे त्याच नाल्याला पाण्याला जातात.

त्या मुलीने काय केलं ते ऐका. ती अडखळली नाही, चिडली नाही, ‘माझ्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे’ हे ठरलेलं वाक्यही म्हणाली नाही. तिने वही उघडली आणि विचारलं, ‘भैया, कौन से महीने से?’ तो म्हणाला, ‘होली के बाद.’ तिने तिथेच सांगितलं, माझा निष्कर्ष हिवाळ्यापुरता आहे, नकाशाच्या शीर्षकात मी तसं लिहीन. पुढच्या आठवड्यात ती आमच्या टेबलाशी हजर. शीर्षकात महिने आले. फिक्या चौकोनांना ‘वावर नाही’च्या ऐवजी ‘या काळात नोंद नाही’ असं नाव मिळालं. आणि होळीनंतर मार्गदर्शकांची परवानगी काढून तिने सहा कॅमेरे वरच्या नाल्याला लावले. बिबट्या आला. मादी होती, मागे एक पिल्लू.

परीक्षकांनी तिला मार्क किती दिले ते आम्हाला माहीत नाही, आम्ही विचारलंही नाही. पण रेंजर साहेबांनी त्या तीन गावांत उन्हाळ्यापुरती पहाटेची एक फेरी वाढवली.

आपल्या महाराष्ट्रातलं एक काम याच जातीचं आहे आणि सगळ्यांना माहीत असायला हवं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या शेतांत कॅमेरे लावले. जंगल नाही, अभयारण्य नाही, चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं. आणि तिथे निघाले १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे, जवळपास तेवढेच तरस. २०१३ साली हे छापून आलं तेव्हा पुष्कळांना खरं वाटेना. हे बिबटे खातात काय? विष्ठा तपासली तर सगळ्यात मोठा वाटा भटक्या कुत्र्यांचा. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट, पण शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रा उकिरड्यावर.

त्याआधी जुन्नरला जे झालं तेही त्यांनीच आकड्यांत मांडलं. गावाजवळ दिसलेले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायचे, हा उपाय सगळ्यांना शहाणपणाचा वाटत होता. झालं उलटं. जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. आमच्या खात्यात आजही गावकरी पिंजऱ्याची मागणी घेऊन येतात. त्यांचं काही चुकत नाही, ज्याच्या अंगणात बिबट्या बसतो त्याला झोप येत नाही. पण तेव्हा साहेबांच्या हातात हे आकडे असले तर बोलणं वेगळं होतं. ‘आजोबा’ हा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २००९ साली विहिरीतून काढलेला तो बिबट्या गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटाजवळ सोडला, आणि तो चालत चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत माणसंच माणसं, पण त्याने कोणाला ओरबाडलं नाही. सिनेमात उर्मिला मातोंडकर होती म्हणून लोक गेले, पण मूळ गोष्ट एका संशोधनाची आहे.

मुलांसाठी आता थोडं कामाचं, मग थांबतो. विषय कोणताही घ्या, कधी ना कधी तुम्हाला असं उभं राहायचंच आहे.

स्लाइडवर लिहिलेलं वाचून दाखवू नका. आम्ही मागच्या रांगेत बसतो, आम्हालाही वाचता येतं. आलेख दाखवलात तर आधी सांगा, आडव्या रेषेवर काय आहे आणि उभ्यावर काय. अर्धे लोक तिथेच हरवतात आणि लाजेने विचारत नाहीत. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणा. ठोकून दिलेलं उत्तर अनुभवी माणसाला लगेच कळतं. मागे आपल्याच ओळखीतल्या एका मुलाने सेमिनारच्या आदल्या रात्री आजीसमोर तालीम केली. आजी पंधरा मिनिटं जपमाळ हातात धरून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘बरं झालं रे, पण बिबटे वाढले की कमी झाले?’ हा पठ्ठ्या गप्प! त्याच्या सगळ्या स्लाइडमध्ये तेवढंच एक वाक्य नव्हतं. रात्री बसून त्याने ते पहिल्या मिनिटात घातलं.

नकाशाबद्दल मात्र आम्ही जरा कडक आहोत. गुहेची, पिल्लांची, घरट्याची नेमकी जागा स्लाइडवर दाखवायची नाही. हॉलमध्ये बसलेले सगळे सज्जन असतात, पण मोबाइल प्रत्येकाच्या हातात असतो आणि फोटो रात्रीपर्यंत पन्नास ग्रुपवर जातो. शिकाऱ्याला तेवढं पुरतं. आम्ही मुलांना मोठे चौकोन करून देतो, चौकोनात कुठेतरी आहे एवढंच दिसतं. काही जण कुरकुरतात, नकाशा ठसठशीत दिसत नाही म्हणतात. कुरकुरू देत.

आणि आभाराची स्लाइड. शेवटी येते, घंटी वाजलेली असते, पंचवीस नावं बारीक अक्षरांत आणि सर्वांत खाली ‘फील्ड स्टाफ’. नाव नाही, गाव नाही. एका मुलाने मात्र दोन चौकीदारांची नावं दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर, कामाची पद्धत सांगताना घातली. म्हणाला, ‘खुणा या दोघांनी ओळखल्या, एकाला वीस वर्षांचा अनुभव, दुसऱ्याला सहा.’ आम्हाला हे फार आवडलं, आणि केवळ माणुसकी म्हणून नाही. खूण कोणी ओळखली यावर ती किती भरवशाची ते ठरतं, तेव्हा ती माहिती पद्धतीतच हवी. राष्ट्रीय गणनेतही बीटमधल्या खुणा आणि चालत केलेल्या नोंदी आमचे नाकेदारच करतात. दिवसेंदिवस पायी, खांद्याला पाण्याची बाटली आणि सोबत फुटाणे. ते आकडे डेहराडूनला जातात, तिथून दिल्लीला, आणि मग तुमच्या वर्तमानपत्रात येतात.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं असावं. जीपमधून वाघ दिसतो, तो त्या दिवशीचा एक वाघ. ही मुलगी जाते आहे ती न दिसलेल्यांचा हिशेब शिकायला. तिच्या आईला काळजी आहे, जंगलात एकटी कशी राहील म्हणून. वहिनी, एकटी कोणी नसतं. जंगलात गेलं की बरोबर चौकीदार असतो, कॅम्पवर चुलीशी दोन-चार माणसं असतात, आणि आपल्या घरच्या मुलांना एक सोय आहे: घरात मराठी, गल्लीत हिंदी, आजोळी कोणाच्या निमाडी तर कोणाच्या माळवी. गावातल्या माणसाशी बोलायला दुभाष्या लागत नाही. बाहेरून आलेल्या मुलांचे पहिले पंधरा दिवस त्यातच जातात.

तिला लागतील ते जुने-नवे नकाशे कोणत्या अर्जाने मिळतात ते आम्ही सांगू. मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र आणि परवानगीची प्रत तेवढी आणायची, ओळखीवर आमच्याकडे काही मिळत नाही, आधीच सांगून ठेवतो.

ज्या मुलांना खुणा कशा ओळखतात ते बघायचं असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सहाला रालामंडळच्या फाटकाशी यावं. होळकरांच्या शिकारगाहपर्यंत चढू आणि वाटेत काय दिसतं ते वहीत लिहू. पांढरे बूट नकोत, अत्तर लावून येऊ नका, मोबाइल बंद. नऊला खाली येऊन पोहे-जलेबी. पोह्यांचे पैसे मंडळ देणार की आम्ही, ते सेक्रेटरी साहेब आत्ताच जाहीर करतील.